तिच्या जागेवर कोणी जायचं नाही

(कोल्हापूर येथे शाहू स्मारक भवनातील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मैत्रिणींनो, संपावर बसलेल्या बायकांना पाठिंबा द्यायचा असा ठराव आपण करतो, तेव्हा नेमकं काय द्यायचं असतं, याच्यावर आज बोलते. निवेदनावर सही करतो, मोर्चात दोन तास चालतो, फोटो काढतो आणि घरी येतो. त्याला मी नावं ठेवत नाही, मीही तेच करत आले आहे. पण जिचा या महिन्याचा पगार बंद झालाय, जिच्या घरी सासू रोज विचारते आहे की हे किती दिवस चालणार, तिला याचा किती आधार होतो? संघटना मान्य करा, आमच्याशी टेबलावर बसून बोला, एवढंच मागणाऱ्या बायकांचा संप बहुतेक वेळा उपासमारीने मोडतो. त्याहूनही जास्त वेळा तो त्यांच्या जागी दुसऱ्या बायका आल्या म्हणून मोडतो.

एक जुना संप सांगते. लंडनचा आहे, पण माणसं आपल्याकडचीच. लंडनच्या वायव्येला विल्सडन भागात ग्रनविक नावाची कंपनी होती, फोटोचे रोल धुऊन देणारी. लोक पाकिटात रोल आणि पैसे घालून पोस्टाने पाठवायचे, कंपनी फोटो छापून पोस्टानेच परत करायची. साल १९७६, ऑगस्ट महिना. सुट्ट्यांचे दिवस, त्यामुळे रोलांचा ढीग पडलेला. कामाला बहुतेक बायका, त्यातही पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडला आलेल्या गुजराती बायका पुष्कळ. चाळीस तासांच्या आठवड्याला २८ पौंड. ओव्हरटाइम सक्तीचा, आणि तो आहे हे ऐन वेळी सांगणार. संडासला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची. मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये बसून सगळ्यांवर नजर ठेवणार. आपल्या औद्योगिक वसाहतीतून इथे आलेल्या काही जणी मान हलवतायत, म्हणजे मला जास्त वर्णन करायची गरज नाही.

त्या कंपनीत जयाबेन देसाई होत्या. गुजरातेतल्या धर्मजच्या, लग्न होऊन टांगानिकाला, म्हणजे आजच्या टांझानियाला गेलेल्या आणि तिथून इंग्लंडला आलेल्या. उंची पाच फुटांहून कमी. २० ऑगस्टला घरी निघायची तयारी करत असताना त्यांना आणखी थांबायला सांगितलं, शब्दाला शब्द लागला आणि त्या बाहेर पडल्या. मुलगा सुनील तिथेच कामाला होता, तोही बाहेर पडला. त्याच दिवशी देवशी भुडिया नावाच्या तरुणाला काम हळू करतो म्हणून काढलं होतं आणि त्याच्या बाजूने तिघे जण आधीच बाहेर आले होते. सोमवारपासून ही मंडळी गेटवर हाताने लिहिलेल्या पाट्या घेऊन उभी राहिली. युनियन म्हणजे काय, ती कुठे भेटते, हेसुद्धा कोणाला धड माहीत नव्हतं. विचारपूस करत करत ते एपेक्स या युनियनमध्ये गेले. संपकऱ्यांची संख्या १३७ वर गेली. मागणी एकच राहिली: आमच्या युनियनला मान्यता द्या आणि आम्हाला कामावर परत घ्या.

कंपनीचा साहेब गेटवर येऊन टोमणे मारायचा. साडी नेसून तुम्ही जिंकणार नाही, मला तुम्हाला मिनीस्कर्टमध्ये बघायचंय, असं तो एकदा म्हणाला. जयाबेननी उत्तर दिलं की मिसेस गांधी साडीच नेसतात आणि एवढा मोठा देश चालवतात. उत्तर रोखठोक आहे आणि मला फार आवडतं. पण तो संप सुरू झाला तेव्हा त्या साडीवाल्या पंतप्रधानांच्या राज्यात आणीबाणी होती आणि कितीतरी कामगार पुढारी तुरुंगात होते, हेही मी विसरत नाही. बाई सत्तेवर आहे म्हणून कामकरी बाईचं ऐकलं जाईल, असं काही नसतं.

आता मान्यतेचं बघा. इंग्लंडमध्ये तेव्हा एकास नावाची सरकारी मध्यस्थ संस्था होती. एखाद्या कंपनीत युनियनला मान्यता द्यावी का, हे तिने कामगारांचं मत घेऊन ठरवायचं. मालक जॉर्ज वॉर्ड याने आत काम करणाऱ्यांची नावं आणि पत्ते दिलेच नाहीत. मग एकासने बाहेर असलेल्यांचं मत घेतलं आणि मार्च १९७७ मध्ये मान्यतेची शिफारस केली. मालक कोर्टात गेला. डिसेंबर १९७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की एकासने सगळ्या कामगारांचं मत घेतलेलं नाही, म्हणून शिफारस रद्द. म्हणजे यादी अडवली मालकाने आणि यादी अपुरी म्हणून केस जिंकलाही तोच. मधल्या काळात न्यायमूर्ती स्कारमन यांच्या चौकशीने संपकऱ्यांना परत घ्या असं सांगितलं होतं. मालकाने तेही धुडकावलं.

आपल्याकडे फार वेगळं आहे असं समजू नका. १९२६च्या कायद्याने संघटनेची नोंदणी व्हायची, पण मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात नव्हतं. महाराष्ट्राने मान्यतेसाठी १९७१ साली वेगळा कायदा केला. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तर संघटना औद्योगिक न्यायालयात मान्यता मागू शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९२६च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त संघटना असल्या तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात. टक्के काढायचे तर आधी एकूण आकडा हवा. आणि आपल्या बायका कुठे असतात? ठेकेदाराच्या वहीत. इचलकरंजीत घरात बसून कांड्या भरणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर आहे? शिरोलीत, गोकुळ शिरगावला कंत्राटावर जाणाऱ्या पोरींची नावं कंपनीच्या मस्टरवर किती आणि ठेकेदाराकडे किती? मान्यतेची लढाई निम्मी तिथेच हरली जाते, संप सुरू व्हायच्याही आधी.

आता पाठिंब्याकडे येते. जून १९७७ मध्ये ग्रनविकच्या गेटवर मोठं पिकेटिंग, म्हणजे आत जाणाऱ्यांना अडवायला गेटवर उभं राहणं, सुरू झालं. त्याचा पहिला दिवस, १३ जून, बायकांचा म्हणून ठरवला होता. देशभरातून स्त्री संघटनांच्या बायका आल्या, पोलिसांनी त्या एका दिवसात ८४ जणांना पकडलं. पुढे यॉर्कशायरचे खाणकामगार आले, जुलैत हजारोंची गर्दी झाली. दाढीवाले कोळसाकामगार आणि त्यांच्या पुढे साडीवर कोट घातलेल्या बायका, हे दृश्य त्या देशाने पूर्वी पाहिलं नव्हतं. त्याचं मोल मी कमी करत नाही. तरीही मालकाला सगळ्यात जास्त कशाने टोचलं असेल तर जवळच्या क्रिकलवुड भागातल्या पोस्टमननी. ते गेटवर ओरडले नाहीत. त्यांनी ग्रनविकची टपाल पिशवी उचलली नाही, बस्स. टपालावर चालणारा धंदा, टपालच थांबलं. पोस्ट खात्याने त्यांना कामावरून दूर ठेवलं, त्यांचा पगार बुडाला, शेवटी मालकाच्या मित्रांनी रातोरात पाकिटं ट्रकने बाहेर काढून दूरदूरच्या पेट्यांत टाकली. इतकी धावपळ करावी लागली, यावरूनच कळतं की घाव कुठे बसला होता.

पण एक गोष्ट त्याहून अवघड होती. गेटमधून रोज कंपनीची बस आत जायची आणि तिच्यातही बायकाच बसलेल्या असायच्या, काही त्याच समाजातल्या. संपकरी बायका संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांना, त्यांच्या नवऱ्यांना, सासऱ्यांना समजावत. बाहेरच्या हजार माणसांना जे जमलं नसतं ते या फेऱ्यांना करायचं होतं, आणि ते पुरतं जमलं नाही.

पुढे मोठ्या युनियननी हात आखडता घेतला. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि आणखी तिघे ट्रेड युनियन काँग्रेस या युनियनांच्या शिखर संस्थेच्या दारात उपोषणाला बसले, तर त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केलं. जयाबेन म्हणाल्या, युनियनचा पाठिंबा म्हणजे कोपरावरचा मध, वास येतो, हाताला लागतो, पण चाखता येत नाही. आपण कोपराला गूळ म्हणतो तेच. १४ जुलै १९७८ला संप संपला. मान्यता मिळाली नाही.

हे सगळं मी कोल्हापुरात का सांगते? आपण १९८२चा गिरणी संप बघितला आहे. दत्ता सामंतांच्या त्या संपात, १९४६च्या कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी रद्द करा, ही मान्यतेचीच मागणी होती. मुंबईहून कामगार परत गावाला आले तेव्हा त्यांना कोणी पोसलं? भुदरगडात, शाहूवाडीत दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाणाऱ्या बायकांनी. त्या संपाच्या इतिहासात त्यांची नावं नाहीत. पुरुषाच्या संपात बाई घर चालवते. बाईच्या संपात घर कोण चालवतं, हा प्रश्न मला कुठल्याच पुढाऱ्याच्या भाषणात ऐकायला मिळाला नाही.

४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर होत्या, ५२ दिवस. सकाळी जिल्हा परिषदेसमोर बसायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापायच्या. त्यांना सरकार कर्मचारी म्हणत नाही, मानधन देतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हेसुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या दिवसांत करवीर तालुक्यातल्या एका गावी मी होते. वरून निरोप आला होता की बचत गटाने अंगणवाडीची चावी घ्यावी आणि आहार वाटावा. गटाच्या बायका समाजमंदिरात जमल्या. एकीने सरळ विचारलं, दोन पैसे मिळत असतील तर काय हरकत आहे, आपली पोरं उपाशी का ठेवायची? प्रश्न खरा होता, तिची दोन्ही नातवंडं त्याच अंगणवाडीत. बराच वेळ कोणी बोलेना. मग ठरलं ते असं: चावी घ्यायची नाही. शिधा मात्र सगळ्या घरांतून मूठ-मूठ काढायचा आणि पोरं पाळीपाळीने एकेकीच्या सोप्यात बसवायची. मदतनीस बाईची धाकटी पोरगीही त्यातच. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, सोप्यात सतरंजी, कडेला पितळी डबा, त्यात तांदूळ आणि मूगडाळ एकत्रच, आणि डब्याखाली कागद: आज कोणाकडून किती आलं. लिहिणारीचं अक्षर कच्चं, पण एक घर सुटलं नव्हतं.

क्रिकलवुडच्या पोस्टमननी केलं ते हेच. जिथे आपला हात लागल्याशिवाय काम पुढे जात नाही, तिथून हात काढून घेणं. आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात पोस्टाची पिशवी नाही. पण संपकरी बाईच्या जागी ठेकेदार जिला बोलावतो ती आपल्याच गल्लीतली असते, आपलीच भाची, आपलीच वहिनी. तिच्याकडे संध्याकाळी जाऊन बसणं आपल्याला जमतं. तिलाही गरज असते, म्हणून तिला शिव्या देऊन चालणार नाही. तिच्या घरी काय कमी पडतंय ते विचारावं लागतं.

आणि ज्यांच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते त्यांना वेगळं सांगते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांच्यासमोरची मालक मुख्यतः बाईच होती. आपल्या कामवालीने उद्या संघटनेचं कार्ड दाखवलं आणि पगारी सुट्टी मागितली, तर कार्ड वाचा, बसून बोला. गल्लीतल्या दुसऱ्या बाईला निरोप धाडू नका. कारखान्याच्या मालकाकडून आपण जे मागतो ते आपल्या दारात आधी व्हायला हवं.

टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी हे शहर एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलं आणि २०१५च्या डिसेंबरात टोल गेला. तेव्हा कोणी विचारलं नाही की माझी गाडी आहे का. बायकांच्या संपाला मात्र लोक अजून त्यांचा प्रश्न म्हणतात.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, गल्ली, फोन, आणि तुम्ही काय करू शकता ते लिहा: मुलं सांभाळणं, आठवड्याचा शिधा, रात्री गेटवर सोबत, ठेकेदाराकडच्या बायकांची यादी करायला मदत. कामावर जाणाऱ्या मुलींनी आपल्या नावापुढे मस्टर कंपनीचं की ठेकेदाराचं हेही लिहावं. वही दर रविवारी सकाळी दहा वाजता इथेच उघडू.