चार आठवडे दुसराच नंबर

(पडद्यावर: सात इंची काळी तबकडी फिरतेय, सुई हळूच खाली टेकते.)

आधी नुसते ठोके ऐकू येतात. ड्रम मशीनचे, संथ, लांब रिकाम्या बोळातून कोणीतरी एकटं चालत यावं तसे. मग मागून सिंथेसायझरची गुणगुण, मग पियानो, आणि गाणारा अगदी हलक्या आवाजात सुरुवात करतो. मधेच अचानक गाणं पळत सुटतं आणि बँडमधला बिली करी व्हायोला वाजवायला लागतो, व्हायोला म्हणजे व्हायोलिनचाच थोडा खर्जातला भाऊ, आणि तिथे दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो, शंभर वेळा ऐकून झालं तरी येतो.

हे गाणं ‘व्हिएन्ना’. बँड अल्ट्राव्हॉक्स, गायक मिज युर. 1981 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी म्हणून बाजारात आलं. साडेचार मिनिटांच्या वर लांबी, चाल धीमी, नाचता येत नाही, म्हणजे रेडिओवर चालायला जे जे लागतं त्यातलं काहीच नाही. व्हिडिओ थोडा लंडनमध्ये शूट केलेला आणि थोडा खरोखरच्या व्हिएन्नामध्ये, तिथल्या मोठ्या दफनभूमीत, जिथे कार्ल श्वाइगहोफर नावाच्या पियानो बनवणाऱ्या माणसाचं थडगं आहे. त्या थडग्यावरचा दगडी पुतळा कव्हरवरही आहे. असं गाणं लोकांनी उचलून धरलं, चार्टमध्ये, म्हणजे त्या आठवड्यात कुठली गाणी जास्त खपली त्या क्रमवारीत, चढत चढत ते दुसऱ्या नंबरवर आलं आणि तिथेच अडकलं. एक आठवडा नाही, दोन नाही, सलग चार आठवडे.

पहिल्या आठवड्यात वर होता जॉन लेनन. 8 डिसेंबर 1980 ला न्यूयॉर्कमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या होत्या, सगळं ब्रिटन सुतकात होतं, त्याची जुनी नवी गाणी लोक रांगा लावून घेत होते. ‘इमॅजिन’ पुन्हा वर गेलं, त्यानंतर ‘वुमन’. त्याच्या खाली राहण्यात कोणाला कमीपणा वाटला नसता. पण पुढचे तीन आठवडे वर जे बसलं होतं ते होतं जो डॉल्चेचं ‘शडॅप यू फेस’, इटालियन ढंगाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं एक गमतीचं गाणं. डॉल्चे मूळचा अमेरिकेतला, राहायला ऑस्ट्रेलियात.

आता इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक त्या जो डॉल्चेला शिव्या घालतायत, आणि ते मला पटत नाही. त्याने काही चोरलं नव्हतं. ज्या घरांत ते गाणं घेतलं गेलं तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे हसले असतील, आणि हसवणं सोपं काम नाही. घोळ असलाच तर तो मोजण्याच्या पद्धतीत होता.

कारण चार्ट तेव्हा बनायचा कसा, बघा. देशभरातली ठरावीक रेकॉर्डची दुकानं निवडलेली असायची, काउंटरवर एक वही, गिऱ्हाईकाने सिंगल घेतली की काउंटरवरची पोरगी त्या तबकडीचा नंबर वहीत लिहायची, आठवडा संपला की वही पोस्टाने रवाना, आणि मंगळवारी दुपारी रेडिओवर नवा चार्ट. म्हणजे त्या एका आठवड्यात किती जणांनी खिशातून पैसे काढले एवढंच त्या वहीला कळायचं. घरी नेऊन ती तबकडी कोणी दोनदा वाजवली का दोन हजार वेळा, हे वहीत कुठे येणार? आणि गंमत बघा, 1981 च्या अख्ख्या वर्षाच्या विक्रीची यादी लागली तेव्हा ‘व्हिएन्ना’ त्या गमतीच्या गाण्याच्या वर होतं. आठवड्यांचा हिशोब हरलं, वर्षाचा नाही.

ब्रिटनमध्ये ही मोजणी सुरू झाली 14 नोव्हेंबर 1952 ला, एका संगीत साप्ताहिकाने वीसेक दुकानांना फोन करून पहिली यादी छापली. आणि आपल्याकडे बरोब्बर त्याच हिवाळ्यात, डिसेंबर 1952 मध्ये, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, मुंबईत रेकॉर्ड होऊन तिकडे जायची. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज आणि ‘पायदान’ हा शब्द, आपल्या आधीच्या पिढीला वेगळं सांगायला नको. आपलं आवडतं गाणं दुसऱ्या पायदानवर राहिलं की घराघरांत काय हळहळ व्हायची ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना ‘व्हिएन्ना’वाल्यांचं दुःख लगेच कळेल.

(पडद्यावर: 2012, लंडन. रेडिओ स्टुडिओचा लाल दिवा.)

ब्रिटिश चार्टला साठ वर्षं झाली तेव्हा बीबीसी रेडिओ 2 आणि हा चार्ट काढणाऱ्या ऑफिशियल चार्ट्स कंपनीने एक फार सुंदर काम केलं. एक नंबरवाल्यांचं कौतुक नेहमीच होतं, त्यांनी ऐकणाऱ्यांना विचारलं की दुसऱ्या नंबरवर थांबलेल्या गाण्यांमधलं तुमचं सगळ्यात लाडकं कुठलं, मत द्या. यादी बघितली तर डोकं चक्रावतं हो. बीटल्सचं ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’, एकाच तबकडीच्या दोन बाजू, 1967 मध्ये दुसऱ्या नंबरवर, आणि वर एंगलबर्ट हम्परडिंकचं ‘रिलीज मी’ (हा माणूस आपल्या मद्रासमध्ये जन्मलेला). ओअ‍ॅसिसचं ‘वंडरवॉल’ दुसरं. क्वीनचं ‘वी आर द चॅम्पियन्स’, जे आज जगातल्या प्रत्येक मैदानावर कप उचलताना वाजतं, ते दुसरं! ‘समबडी टू लव्ह’ दुसरं, ‘रेडिओ गा गा’ पण दुसरं. पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला, तिथेच पोरांबरोबर पहिला बँड काढलेला फारुख बल्सारा म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, त्याला हा दुसरा नंबर किती वेळा भेटला असेल.

आणि 1990 चा किस्सा तर कमालच. ‘ग्रूव्ह इज इन द हार्ट’ आणि ‘द जोकर’, दोन्हींची त्या आठवड्याची विक्री मोजली तर सारखी. मग नियम काढला गेला, ज्याची विक्री आधीच्या आठवड्यापेक्षा जास्त वाढली तो वर. ‘जोकर’ वर गेलं, दुसरं कायमचं दुसरं राहिलं.

1 जानेवारी 2013 ला निकाल लागला. दुसऱ्यांमध्ये पहिलं, ‘व्हिएन्ना’. त्याच्या खाली पोग्ज आणि कर्स्टी मॅकॉलचं ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’, जे 1987 च्या ख्रिसमसला पेट शॉप बॉइजमुळे अडलं होतं. कंपनीने ‘व्हिएन्ना’ला मानाचा एक नंबर दिला. बत्तीस वर्षांनी.

मला या मतदानाबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे की मत द्यायला तेच येतात ज्यांच्या मनात गाणं अजून जिवंत आहे. 1981 मध्ये ‘शडॅप यू फेस’ घेऊन चार दिवस हसून विसरून गेलेले लोक काही मत द्यायला आले नसणार. ती वही आणि हे मतदान दोन वेगळ्या गोष्टी मोजतात, एक हौस मोजतं आणि एक सोबत. माझ्या लेखी सोबत मोठी, म्हणून ‘व्हिएन्ना’चा मान मला खरा वाटतो, सर्टिफिकेटपुरता नाही.

अजून एक धागा राहिला. 1984 मध्ये इथिओपियातल्या दुष्काळासाठी ‘डू दे नो इट्स ख्रिसमस’ निघालं, बॉब गेल्डॉफबरोबर ते लिहिणारा दुसरा माणूस म्हणजे हाच मिज युर. ते गेलं एक नंबरला. आणि त्याने त्या डिसेंबरात कोणाला दुसऱ्या नंबरवर अडकवलं? व्हॅमच्या ‘लास्ट ख्रिसमस’ला. व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल स्वतः त्या मदतीच्या गाण्यातही गायला होता, आणि ‘लास्ट ख्रिसमस’चे पैसेही व्हॅमने दुष्काळग्रस्तांनाच दिले.

पण 2014 पासून ब्रिटिश चार्टमध्ये स्ट्रीमिंगही मोजायला लागले. म्हणजे घेतलेलं तर धरतातच, ऐकलेलंही धरतात, ती जुनी वही जे लिहू शकत नव्हती तेच. दर डिसेंबरला लोक ‘लास्ट ख्रिसमस’ लावत राहिले, घरात, गाडीत, दुकानात, आणि ते दरवर्षी थोडं थोडं वर येत गेलं, आणि 1 जानेवारी 2021 ला, छत्तीस वर्षांनी, एक नंबर.

बघायला व्हॅममधला दुसरा, अँड्र्यू रिजली होता. जॉर्ज मायकल चार वर्षांपूर्वीच, ख्रिसमसच्याच दिवशी गेला होता.