हिरवा ठिपका

[पहाटेचा अंधार. लांबून पोदेरचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू.]

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या या वाड्यावर पाव सायकलवरून येतो. पोदेरचा भोंपू वाजला की माणसांच्या आधी कुत्री उठतात. एक शेपटी हलते, मग दुसरी, मग वळचणीखालची सगळी फौज बाहेर पडते. पाव मिळतोच असं नाही. पण सायकलीमागे चार पावलं जायचा रिवाज आहे, तो कुणी मोडत नाही.

कुत्र्यांना रेबीजची लस टोचणाऱ्या पथकाचा टेम्पोही म्हणूनच याच वेळेला येतो. ऊन चढलं की कुत्री गाड्यांखाली आणि काजूच्या झाडीत शिरतात. मग शोधत बसा.

[टेम्पोची फळी. निळ्या पेटीचं झाकण उघडतं.]

पेटीत आइस पॅक, त्यांच्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर छोट्या काचेच्या बाटल्या. पुठ्ठा अशासाठी, की बाटली थेट बर्फाला टेकू नये. रेबीजची लस तापली तर वाया जाते आणि गोठली तरी वाया जाते. दोन ते आठ अंश, बस्स. एका कुत्र्याला एक मिली. "एका बाटलीत दहा कुत्री," असा या पथकाचा हिशेब.

[जाळं खांद्यावर घेतलेला माणूस, पाठमोरा.]

हे जाळं नीट बघून घ्या. लांब दांडा, पुढे लोखंडी कडं आणि त्याला दोरीची खोल, निमुळती पिशवी. कुत्र्यामागे धावायचं नाही, हा पहिला नियम. धावलात की अख्ख्या वाड्याला कळलं. जाळं पायाच्या आडोशाला धरायचं आणि नजर भलतीकडे ठेवायची, जसं काही आपण पोफळी बघायला आलोय. समोरचा गडी दोन पावलं पुढे येतो, कुत्रा त्याला चुकवून वळतो, आणि तो वळणार कुठे हे जाळंवाल्याला आधीच ठाऊक असतं.

[संथ गतीत: कडं जमिनीला टेकतं.]

आता कडं एकदा उलटं फिरवलं. पिशवीला पीळ बसला, तोंड बंद झालं. कुत्रा ओरडतोय, त्याला ओरडू द्या. जाळ्यातूनच मांडीत सुई, डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका, आणि पीळ सुटला. घड्याळ लावून बघितलं, पाऊण मिनिट भरलं नव्हतं.

पुन्हा एकदा बघू. हा तांबडा कुत्रा तीनदा निसटला. चौथ्यांदा जाळंवाला चक्क देवळाच्या पायरीवर बसून राहिला. तांबड्याचा धीर सुटला, तो स्वतःच वास घ्यायला आला.

हे काम शिकवून येत नाही असं म्हणतात. खोटं आहे, शिकवूनच येतं. या पथकातल्या निम्म्या पोरांनी दोन वर्षांपूर्वी जाळं हातात धरलं नव्हतं.

[फोनचा पडदा. नकाशावर वाड्याची हद्द.]

प्रत्येक टोचणीची नोंद तिथल्या तिथे फोनवर होते: नर की मादी, पिल्लू की मोठं, घरचं की मोकळं, जागा कुठली. संध्याकाळी नकाशावर ठिपके दिसतात आणि ठिपके नसलेली गल्लीही दिसते. उद्याची सुरुवात त्या गल्लीतून.

2013 मध्ये ब्रिटिश पशुवैद्य ल्यूक गॅम्बल यांच्या पुढाकाराने 'मिशन रेबीज' भारतात सुरू झालं आणि पुढे राज्य सरकारच्या सोबतीने गोव्यात रुजलं. 2017 ते 2019 या काळात दर वर्षी साधारण 95,000 कुत्र्यांना लस टोचली गेली. कुत्र्यांमधले रेबीजचे रुग्ण 92 टक्क्यांनी घटले, माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले, आणि 2021 मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला.

[कौलारू घर. तुळशीपाशी बांधलेलं पिल्लू.]

घरच्या कुत्र्याला जाळं लागत नाही, इथे दार वाजवायचं. हे पिल्लू दोन महिन्यांचं. दवाखान्यात रेबीजची लस एरवी तीन महिन्यांच्या पिल्लाला देतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लसीच्या आड येऊ शकते. मोहिमेत मात्र हाताला लागलेलं पिल्लू सोडत नाहीत. पुढच्या वर्षीपर्यंत ते कुठे असेल, कुणी सांगावं! घरच्यांना तेवढं बजावून ठेवतात, की वेळ झाली की दवाखान्यात पुन्हा न्या.

या पिल्लाच्या आधीची चार भावंडं गेल्या पावसात गेली. "रक्ताचे जुलाब लागले, दोन दिवसांत सगळी संपली," काकी सांगतात. लक्षणं पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या एका संसर्गजन्य रोगाची. त्याचा विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने तग धरतो आणि घरातल्या फिनाईलला सहसा दाद देत नाही, ब्लीचिंग लागतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचाच दुसरा संसर्गजन्य रोग) यांची पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. ती या टेम्पोत नाही. त्यासाठी काकींना पिल्लू घेऊन दवाखाना गाठायचाय, आणि इथून तिथे जायला बस दिवसातून मोजक्याच.

[मांजर. टॉवेल.]

"आनी माजराक?" काकींचा नातू विचारतो. रास्त प्रश्न आहे. पिसाळलेला कुत्रा मांजराला चावला तर तेच मांजर रात्री अंथरुणात येतं. म्हणून मांजरालाही लस. मानेपर्यंत टॉवेलात गुंडाळायचं, एक मागचा पाय तेवढा बाहेर. बाकी जे झालं ते तुम्ही बघताच आहात. रक्त डॉक्टरांचं आहे.

[डॉक्टर हातातली चपटी नळी उलटसुलट करून बघतात.]

निघताना डॉक्टरांना खिडकीत ही नळी दिसली. कुत्र्याच्या मानेवर लावायचं गोचिडाचं औषध. नातवाने त्यातलंच उरलेलं मांजराला लावायचं ठरवलं होतं. नळीवर बारीक अक्षरात परमेथ्रिन लिहिलंय. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. "काकी, ही मांजराजवळ आणायचीसुद्धा नाही. आणि ताप आला म्हणून तुमची पॅरासिटामॉल तर अजिबात नाही." काकींनी नळी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवली.

[हरमलचा किनारा. बंद शॅक, झाप उतरवलेले.]

पर्यटकांचा हंगाम संपला की इथली कुत्री उपाशी गावात शिरतात. ज्या वाड्यात परवा सगळ्यांवर ठिपके होते, तिथे आज चार नवी तोंडं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. कुत्र्यांना कुणी तिथे थांबवत नाही.

[संध्याकाळ. स्कूटरवर दोघं.]

जाळी धुऊन वाळत घातली, तरी काम उरलंच आहे. सकाळच्याच रस्त्यावरून हे दोघं परत फिरतात. पुढचा चालवतो, मागचा दिसेल ते कुत्रं मोजतो. शंभरातल्या सत्तरांना लस असली तर साखळी तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. ठिपका काही दिवसांत पुसला जातो, म्हणून मोजणी आजच.

स्कूटर पोदेरच्या वाटेने वळते. मागच्याचा आवाज ऐका.

"रंग. रंग. बिनरंग. रंग... थांब थांब, मागे घे. त्या पायरीवरचा तांबडा. रंग."