वॉशिंग्टन हे आडनाव कुणाचं?

(दृश्य: ईशान्य इंग्लंड. वळणाचा रस्ता, चर्च, त्याच्या शेजारी जुना दगडी वाडा.)

हे वॉशिंग्टन. अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या ईशान्येचं. डरहॅमपासून फार लांब नाही. अमेरिकेची राजधानी, तिथलं एक अख्खं राज्य आणि असंख्य रस्ते ज्या आडनावानं ओळखले जातात, ते आडनाव या गावातून निघालं.

बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार इथं आला. त्याआधी तो विल्यम डी हर्टबर्न, म्हणजे हर्टबर्नचा विल्यम होता. या मुलखात राजाच्या बरोबरीनं हुकूम चाले तो डरहॅमच्या बिशपचा. ११८३ साली बिशपनं आपल्या ताब्यातल्या गावांची नोंदवही करवून घेतली. ‘बोल्डन बुक’ म्हणतात तिला. तीत विल्यमचा व्यवहार लिहिलेला आहे. हर्टबर्न गाव परत दिलं, बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. खंड चार पौंड. शिवाय बिशप मोठ्या शिकारीला निघाला की चार शिकारी कुत्री घेऊन हजर व्हायचं. गाव बदललं, तसं नावही बदललं. हर्टबर्नचा विल्यम आता विल्यम डी वेसिंग्टन झाला.

आपल्याकडे नाशिकचा माणूस नाशिककर होतो, पण बहुधा नाशिक सोडल्यावर. गावातल्या गावात त्याला त्या नावानं कोण हाक मारणार? विल्यमचं उलटं होतं. गाव हातात आलं, म्हणून नाव लागलं. त्या काळच्या सरदारांच्या अशा नावांमध्ये सातबाराच दडलेला असे.

(दृश्य: सेल्बी ॲबीतली रंगीत काच. ढालीवर दोन लाल पट्टे, वर तीन लाल चांदण्या.)

हे या घराण्याचं कुलचिन्ह. अमेरिकेच्या राजधानीनं १९३८ साली आपला झेंडा ठरवला तो यावरूनच.

मूळ गावातली थोरली शाखा चौदाव्या शतकाच्या शेवटी मुलीकडे गेली आणि वाडा दुसऱ्या घराण्याचा झाला. पण धाकट्या शाखा तोवर पसरल्या होत्या. त्यातल्या एका शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन लँकशरमधून दक्षिणेकडे नॉर्दॅम्पटनला आला, लोकरीच्या व्यापारात कमावता झाला, शहराचा महापौरही झाला. आठव्या हेन्रीनं मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा लॉरेन्सनं संधी साधली. १५३९ साली सुमारे ३२४ पौंड मोजून त्यानं सल्ग्रेव्हची मठाची जमीन घेतली आणि तिथं घर बांधलं. बिशपच्या गावावर नाव घेतलेलं घराणं आता मठाच्या जमिनीवर उभं राहिलं. धर्मसत्तेशी त्यांचं नातं नेहमी जमिनीचंच.

पुढची मोठी घटना मात्र या वैभवातून घडली नाही, ती घडली घसरणीतून. लॉरेन्सचा एक वंशज, तोही लॉरेन्सच, एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री होता. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध पेटलं आणि १६४३ साली पार्लमेंटच्या बाजूनं त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा सारखा दारूच्या गुत्त्यात असतो. तो राजाच्या बाजूचा होता हेही इथं सांगायला हवं. अशा आरोपांत दारू किती आणि राजकारण किती, हे आपण समजून घ्यायचं.

बापाची जागा गेली, तसा मुलगा जॉन समुद्रावर गेला. तंबाखूच्या व्यापारासाठी व्हर्जिनियाला निघालेल्या जहाजावर त्यानं दुय्यम अधिकाऱ्याची नोकरी धरली. १६५७च्या सुमारास पोटोमॅक नदीत ते जहाज रुतलं. जॉन तिथंच राहिला. एका जमीनदाराच्या मुलीशी लग्न केलं, जमीन मिळाली, आणखी जमवली. १७३२ साली जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

(दृश्य: माउंट व्हर्नन, जॉर्ज यांचं घर. नदीकडे तोंड केलेला पांढरा वाडा.)

जॉर्ज राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लंडनहून कुलचिन्हांचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी पत्र पाठवून त्यांच्या वंशावळीची चौकशी केली. १७९२ साली जॉर्ज यांनी उत्तर दिलं की या विषयाकडे आपण फारच थोडं लक्ष दिलं आहे. तरी ठाऊक होतं तेवढं कळवलं.

जॉर्ज यांना स्वतःचं मूल नव्हतं. आडनाव भावांच्या वंशात चाललं. पण २०००च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची एक लाख त्रेसष्ट हजार माणसं निघाली आणि त्यांतली सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती.

१७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ जॉर्ज यांच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना मृत्युपत्रानं मुक्त केलं गेलं. एवढ्यांवरून लाखांचा हिशेब लागत नाही. मालकाच्या वह्यांत गुलामाला बहुधा एकच नाव असे, सोबत वय आणि किंमत. आडनाव असलंच तर ते आपसात. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली, मुक्त झालेल्या माणसांना करारासाठी, लग्नाच्या नोंदीसाठी, शाळेसाठी आडनाव लिहून देणं भाग पडलं. कुणी आपसातलं पुढे आणलं, कुणी मालकाचं ठेवलं, कुणी मनाला येईल ते घेतलं.

(दृश्य: न्यूयॉर्क बंदराचं जुनं चित्र.)

हॅरीची गोष्ट त्याच्याही आधीची. गांबियाच्या बाजूला जन्मलेल्या हॅरीला जॉर्ज यांनी विकत घेतलं होतं. १७७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, तो पळून इंग्रजांना मिळाला. १७८३ साली इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडलं तेव्हा सोबत नेलेल्या कृष्णवर्णीयांची यादी केली. त्या यादीत तो आहे: हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा. आधी कॅनडातलं नोव्हा स्कॉशिया, तिथून १७९२ साली पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन. तिथं वसाहत चालवणाऱ्या कंपनीनं जमिनीवर सारा मागितला. १८०० साली वसाहतवाल्यांनी बंड केलं, त्यात हॅरी होता. बंड मोडलं, त्याला हद्दपार केलं. लादलेल्या कराविरुद्ध उठलेल्या वॉशिंग्टनांपैकी एकाचाच पुतळा चौकाचौकांत दिसतो.

आणि बुकर. जन्म १८५६, व्हर्जिनियातल्या शेतावर, गुलामीत. सुटका झाल्यावर मिठाच्या भट्टीत काम करता करता शाळेत गेला. मास्तर हजेरी घेत होते आणि प्रत्येक पोर दोन दोन नावं सांगत होतं. याच्याकडे एकच. पाळी आली तेव्हा त्यानं बिनदिक्कत सांगितलं, ‘बुकर वॉशिंग्टन’. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. पुढे आईकडून कळलं की तिनं आपल्याला जन्मतःच ‘टॅलिफेरो’ हे नाव दिलेलं होतं. तेही त्यानं मधे घालून घेतलं. टस्कीगीची शिक्षणसंस्था उभी करणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावातला ‘टी.’ तो हा.