आरशामागचा डोळा

(पडद्यावर: पहाट. उभ्या गाडीच्या पुढच्या काचेवर दव. आतून कापड फिरवणारा हात आरशापाशी येऊन थांबतो.)

गाडीत बसलं की आपण आधी मागचं दिसणारा आरसा सारखा करतो. त्याच आरशाच्या पाठीमागे, काचेला चिकटून, बऱ्याच नव्या गाड्यांत कॅमेऱ्याचा एक काळा डबा असतो. आपलं त्याच्याकडे कधी लक्ष जात नाही. त्याच्या तोंडाशी शर्टाच्या बटणाएवढं भिंग आहे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची गाडी, मध्येच आडवा आलेला दुचाकीवाला, रस्ता ओलांडणारी म्हातारी बाई, हे सगळं ते भिंग क्षणाक्षणाला पाहत असतं. आणि आपला पाय वेळेवर ब्रेकवर गेला नाही, तर गाडी स्वतः ब्रेक लावते ती या भिंगाच्या शब्दावर.

या डोळ्याची निगा कशी राखायची, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळलं एका खड्यामुळे.

खेड शिवापूरच्या पुढे मी एका डंपरच्या मागे होते. त्याच्या टायरखालून खडा उडाला आणि काचेवर टक्‌कन आवाज झाला. हरभऱ्याएवढा डाग पडला. दोन दिवस गाडी उन्हात उभी राहिली, आत बसून एसी लावला, आणि त्या डागाची वीतभर चीर झाली. काच बदलायला टाकली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट त्या एका दुकानापुरती नाही. तीन तासांत फोन आला, "ताई, एकदम कंपनीसारखी बसली आहे, घेऊन जा." काच खरंच सुरेख बसली होती. पावसाचा थेंब आत येत नव्हता. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता. बिल भरलं आणि निघाले.

चार दिवसांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मधल्या लेनने सरळ चालले होते. अचानक स्टिअरिंगला हिसका बसला. फार जोराचा नाही, शेजारच्याने कोपर लावावं तेवढाच. गाडीचं म्हणणं होतं, तू पट्टा ओलांडते आहेस. मी लेनच्या बरोब्बर मध्ये होते. उजवीकडे एक बस होती, आणि गाडी मला त्या बसच्या अंगावर लोटत होती.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी हळू केली, आणि गाडीला लेनमध्ये ठेवायला स्वतः स्टिअरिंग वळवणारी ती सोय बंद करून टाकली. घरी पोचेपर्यंत हाताला घाम होता.

(पडद्यावर: रिकामा रस्ता, त्यावर काढलेल्या दोन रेघा. एक सरळ, एक जराशी तिरकी. पुढे जाता जाता दोघींमधलं अंतर वाढत जातं.)

झालं काय होतं? कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. काचेतही नव्हता. कॅमेरा नव्या काचेवर जिथे बसला, तिथे तो पूर्वीपेक्षा किंचित वेगळ्या दिशेला पाहत होता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

किंचित म्हणजे किती, ते समजून घेऊ. समजा कॅमेऱ्याची नजर फक्त १ अंशाने बाजूला वळली. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. पण १०० मीटर पुढे तोच फरक पावणेदोन मीटरचा होतो. आपल्या महामार्गावरची एक लेन साधारण साडेतीन मीटरची असते. म्हणजे शंभर मीटरवरची गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, याच्यातच घोळ झाला.

नजर वर-खाली सरकली तर आणखी वाईट. एकाच भिंगाने अंतर ओळखायचं असेल, तर एक मोठा आधार असतो तो कोनाचा: पुढच्या गाडीची चाकं रस्त्याला जिथे टेकतात, ती जागा क्षितिजाच्या किती खाली दिसते. कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरला, तर ५० मीटरवरच्या गाडीसाठी हा कोन येतो जेमतेम १.४ अंश. आता त्यात अर्ध्या अंशाची चूक करून बघा. एका बाजूला चुकलं तर तीच गाडी ७९ मीटरवर आहे असं उत्तर येतं. दुसऱ्या बाजूला चुकलं तर ३७ मीटरवर. प्रत्यक्षात गाडीचा संगणक एवढ्या एकाच हिशोबावर चालत नाही, दिसणारा आकार किती झपाट्याने वाढतो तेही तो पाहतो, काही गाड्यांत जोडीला रडार असतं. तरी पण पाया हाच आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जातो. ५० च्या जागी ७९, म्हणजे एक अख्खा सेकंद हातातून गेला.

आणि सगळ्यात काळजीची गोष्ट ही, की डोळा तिरका झाला तरी दिवा पेटेलच असं नाही. वायर सुटली, भिंग चिखलाने झाकलं गेलं, तर गाडी सांगते. पण चित्र स्वच्छ दिसतंय, फक्त चुकीच्या दिशेचं दिसतंय, हे तिला दर वेळी उमगत नाही.

(पडद्यावर: चाकणच्या बाजूचं एक वर्कशॉप. उंच शेड. फरशीवर खडूच्या खुणा.)

शेवटी मी गाडी इथे आणली. कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी करण्याच्या या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. मला वाटलं होतं, लॅपटॉप जोडतील, बटण दाबतील, झालं. प्रत्यक्षात पहिला तासभर लॅपटॉप कुणी उघडलाही नाही.

आधी चारही टायरांची हवा पाहिली. मग डिकी उघडून मिस्त्री मला म्हणाले, "ताई, हे सगळं सामान खाली उतरवावं लागेल." पाण्याचा कॅन, छत्र्या, मुलाची क्रिकेटची बॅग. डिकीत वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघायला लागतो. मघाचा अर्धा अंश असाही येऊ शकतो. मग व्हील अलाइनमेंट तपासलं. मागची चाकं किंचित तिरकी असतील तर गाडी सरळ रस्त्यावरही तिरकं अंग धरून चालते, आणि तिरक्या गाडीवर सरळ केलेला कॅमेरा काय कामाचा?

त्यानंतर मिस्त्रींनी खिशातून जे काढलं ते पाहून मी बघतच राहिले. ओळंबा. गवंडी भिंत उभी करताना सोडतात तोच, दोरीला बांधलेला पितळी लंबक.

(पडद्यावर: अगदी जवळून. बोनेटच्या पुढच्या, कंपनीच्या चिन्हाच्या मध्यावरून सोडलेली दोरी. ओळंबा हलतो, हळूहळू स्थिर होतो. त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूची फुली.)

पुढच्या चिन्हाच्या मध्यावरून ओळंबा सोडला, खाली फुली मारली. मागच्या चिन्हाखाली दुसरी फुली. दोन्ही फुल्यांवरून सूत ताणून धरलं आणि ते गाडीच्या पुढे कितीतरी लांब नेलं. ही गाडीची मध्यरेषा. या रेषेवर, कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवून दिलेल्या अंतरावर आणि उंचीवर, एक फळा उभा केला. फळ्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. टेपने अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. शेडचं दार ओढून घेतलं, कारण बाहेरून येणारी उन्हाची तिरीप फळ्यावर पडत होती.

मग कुठे स्कॅनर जोडला. कॅमेरा फळ्याकडे पाहतो. चौकोनांचे कोपरे कुठे दिसायला हवेत ते त्याला माहीत असतं, प्रत्यक्षात कुठे दिसतात ते तो मोजतो, आणि दोहोंतला फरक आपल्या स्मरणात ठेवतो. पुढे रस्त्यावरचं प्रत्येक चित्र तो फरक वजा करून वाचतो. चष्म्याचा नंबर काढण्यासारखंच हे.

काही गाड्यांना फळा लागत नाही. त्यांना स्कॅनर जोडून, ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवावं लागतं, आणि कॅमेरा चालता चालता शिकतो. काहींना दोन्ही लागतं. आपल्याकडे अडचण अशी, की ठळक पट्टे असलेला रस्ता शोधत कधी कधी बराच लांब जावं लागतं.

कागद हातात देताना मिस्त्रींनी विचारलं, "काच बदलली तेव्हा हे केलं नव्हतं?" नव्हतं. त्या दुकानाकडे फळाही नव्हता आणि सपाट फरशीही. हे सगळं उभं करायचं तर काही लाख रुपये लागतात, गावोगावच्या काचवाल्याने ते कुठून आणायचे? पण "ताई, याचं कॅलिब्रेशन दुसरीकडून करून घ्या, त्याशिवाय हायवेला नेऊ नका," एवढं सांगायला पैसे लागत नाहीत. ते एक वाक्य मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून ते मी सांगते. काच बदलली, कॅमेरा काढून पुन्हा लावला, सस्पेन्शनचं काम केलं, टायरचा आकार बदलला, पुढून ठोकर बसून एअरबॅग उघडली, की कॅलिब्रेशन लागतं का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विम्याच्या दाव्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहिला आहे का ते सर्व्हेअर येण्याआधी पाहून घ्या, नाहीतर तो राहून जातो. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग असेल तर आत रडार आहे का ते बघा. रडारच्या समोर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर चढला की त्याच्या लहरी अडतात, वरून रंग कितीही झकास दिसो.

(पडद्यावर: पाऊस. वायपर फिरतो. आरशासमोरच्या भागात पाण्याची एक रेघ तशीच राहते.)

रोजची निगा मात्र आपल्याच हातात आहे आणि तिला फार काही लागत नाही. वायपरचं रबर आधी बघा. उन्हाळ्यात ते वाळतं, चिरतं, आणि पहिल्या पावसात नेमकी कॅमेऱ्यासमोर रेघ सोडतं. काच आतूनही पुसा. एसी, धूळ, श्वास यांचा एक पातळ तेलकट थर आतून बसतो, समोरून दिवे आले की त्याचा भगभगाट होतो. मात्र स्प्रे थेट भिंगावर मारू नका, भिंगाला बोट लावू नका, डबा उघडून तर बघूच नका.

फास्टॅगचं स्टिकर आरशाच्या आसपास लावायला सांगतात. लावताना ते कॅमेऱ्याच्या समोरच्या मोकळ्या चौकटीत येत नाही ना, एवढं पाहा. डॅशबोर्डवर पांढरं किंवा चकचकीत कापड अंथरलं तर त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि कॅमेऱ्याला रस्त्यावर ते तरंगताना दिसतं. गणपती डॅशबोर्डवर असतोच, आमच्याही आहे, त्याला कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, थोडं खाली बसवा. आणि दसऱ्याचा झेंडूचा हार. पूजा झाली, पेढा वाटला, देवळापर्यंत एक फेरी मारली की हार उतरवून ठेवा. पुढच्या जाळीवर बांधलेला हार बऱ्याच गाड्यांत रडारच्या तोंडावरच येतो.

(पडद्यावर: संध्याकाळ. समृद्धी महामार्ग. एकसारखा सरळ रस्ता.)

एवढी यातायात कशासाठी? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांत नोंदलेले अपघात तपासले, तेव्हा आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही सोय सक्तीची आहे. आणि इथे, नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला ताशी १२० ची परवानगी, तासन्‌तास समोर तेच दृश्य. अशा रस्त्यावर डुलकी लागलेल्या माणसाला शेवटचा हात देणारं कुणी असेल तर ते हे बटणाएवढं भिंग आहे. ते तिरकं राहिलेलं मला सहन होत नाही.

आपल्याकडे २०२० च्या आसपास या सोयी हळूहळू येऊ लागल्या. २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सोबत त्या मध्यमवर्गाच्या दारात पोचल्या, पुढे होंडा सिटी, टाटा हॅरियर, ह्युंदाई व्हर्ना. त्या पहिल्या गाड्या आता दुसऱ्या मालकांकडे जात आहेत. घेणारा इंजिन ऐकतो, टायर बघतो, किलोमीटर विचारतो. काच कधी बदलली होती का, हे क्वचितच कुणी विचारतं.

(पडद्यावर: तेच वर्कशॉप. माझ्या गाडीच्या जागी दुसरी गाडी.)

माझी गाडी बाहेर निघाली तेव्हा बारामतीहून एक जोडपं आलं होतं. महिन्याभरापूर्वी घेतलेली, दुसऱ्या हाताची गाडी. गाडी कधी कधी उगाचच ब्रेक लावते, एवढीच त्यांची तक्रार. मिस्त्रींनी खिशातून टॉर्च काढला आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. मग दाराच्या काचेवरची वाचली. मग मागच्या दाराची. दोन्ही दारांवर एक कंपनी, पुढच्या काचेवर दुसरीच.

"दादा, घेताना सांगितलं होतं का, काच बदललेली आहे म्हणून?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"बरं. डिकीतलं सामान उतरवा," मिस्त्री म्हणाले, आणि ओळंब्याची दोरी सोडवायला लागले.