123 टनांचं इंजिन जमिनीत रुतत का नाही?

नमस्कार मंडळी! पुढच्या वेळी स्टेशनवर उभे असाल ना, तर रुळाच्या डोक्यावरचा तो चकचकीत पट्टा नीट बघा. बाकी अख्खा रूळ गंजून तपकिरी झालेला आणि वरती तेवढीच एक पट्टी आरशासारखी, कारण चाक फक्त तिथंच टेकतं. टेकतं म्हणजे किती? साधारण एक चौरस सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढी जागा. बस्स!

आता वजन धरा. एक्सप्रेस गाड्यांना लागतं ते डब्ल्यूएपी-7 इंजिन, वजन 123 टन, सहा अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) म्हणजे बारा चाकं, म्हणजे एका चाकावर सव्वादहा टन, न्यूटनमध्ये बघितलं तर साधारण 1 लाख. दाबाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, बल भागिले क्षेत्रफळ. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग, त्यानं भागलं की उत्तर येतं 100 कोटी पास्कल. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब असतो साधारण 1 लाख पास्कल, म्हणजे चाकाखाली त्याच्या दहा हजार पट! स्टील हे सहन करतं, माती अजिबात नाही.

मग मधे काय होतं? इथं खरी मजा आहे. रूळ खाली बघा, पायाशी पसरट असतो, 15 सेंटिमीटर रुंद. त्याच्याखाली रबर पॅड, मग दोन्ही रुळांखाली आडवा टाकलेला काँक्रीटचा स्लीपर, पावणेतीन मीटर लांब आणि तळाशी साधारण पाव मीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ झालं जवळपास 0.68 चौरस मीटर. समजा एका अ‍ॅक्सलचं सगळंच्या सगळं वजन, दोन्ही चाकांचं मिळून 2 लाख न्यूटन, एकाच स्लीपरवर आलं, तरी त्याच्याखाली दाब येतो 3 लाख पास्कलच्या आत. कुठं 100 कोटी आणि कुठं 3 लाख! आणि प्रत्यक्षात तर रूळ ते वजन शेजारच्या स्लीपरांवरही वाटतो, त्यामुळे आकडा अजून खाली जातो.

इथं एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, कारण परीक्षेत हमखास इथंच गडबड होते: बल कमी झालेलं नाहीये. इंजिनाचा प्रत्येक न्यूटन जमिनीपर्यंत पोचतोच, वर रूळ-स्लीपरचं वजन वाढतं ते वेगळंच. बदललंय ते फक्त क्षेत्रफळ.

स्लीपरखाली खडी. गोल गोटे नाही हं, मुद्दाम फोडलेले, कोपरे असलेले दगड, एकमेकांत अडकून बसतात आणि वजन खाली जाता जाता बाजूला पसरवत नेतात. म्हणून तर पावसानं खडी वाहून गेली की गाड्या थांबवतात किंवा अगदी हळू सोडतात, कारण एका स्लीपरखालचा आधार गेला की त्याचा वाटा शेजारच्यांवर पडतो आणि तिथला दाब वाढतो. काळ्या मातीत तर अजून काळजी, ती भिजली की मऊ पडते, म्हणून खडी आणि मातीच्या मधे चांगल्या मुरमासारख्या मटेरियलचा वेगळा थर देतात, त्याला ब्लँकेट म्हणतात.

आता तुमच्यासाठी गणित. फक्त मालगाड्यांसाठी जे डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉर बांधलेत तिथं एका अ‍ॅक्सलवर 25 टन चालतात. स्लीपर हाच धरा, सगळं वजन एकावरच धरा, आणि दाब किती पास्कल येतो ते कमेंटमध्ये टाका, पायऱ्यांसकट!