धूर वरून पाहताना

(दृश्य: मार्चची दुपार. वेताळ टेकडीवरचं वाळलेलं गवत.)

फेब्रुवारी सरला की पुण्याच्या टेकड्या पिवळ्या पडतात. वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजचा डोंगर. गुडघाभर गवत, खडखडीत वाळलेलं. एक ठिणगी पुरते. मुळशी-वेल्ह्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे शेतात पालापाचोळा पसरून जाळतात; तिथली आगही कधी हाताबाहेर जाऊन डोंगर चढते.

(दृश्य: उपग्रहाचं चित्र. सह्याद्रीवर लाल ठिपके.)

हे ठिपके धुराचे नाहीत, उष्णतेचे आहेत. जळतं गवत चार मायक्रॉनच्या आसपास तरंगलांबी असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी प्रखर दिसतं. सुओमी एनपीपी उपग्रहावरचं व्हिअर्स उपकरण ही चमक 375 मीटरच्या चौकटीत टिपतं. याच माहितीवरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनखात्याला मोबाइलवर इशारे पाठवते.

धूर ओळखणं याहून अवघड. वरून पाहिलं तर तो विरळ ढगासारखाच. पण धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश ते विखुरतात, लांब तरंगांना मात्र अडवू शकत नाहीत. म्हणून त्याच जागेचं 2.1 मायक्रॉनच्या लांब तरंगांतलं चित्र घेतलं की धूर जवळजवळ नाहीसा होतो, ढग तसाच राहतो, आणि धुराखालची काळी, जळालेली जमीन उघडी पडते. या सगळ्या तंत्रात मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पुढचा प्रश्न, धूर चालला कुठे? 36 हजार किलोमीटरवरून भारतावर सतत नजर ठेवणारा, फेब्रुवारी 2024 मध्ये सोडलेला इन्सॅट-3डीएस उपग्रह एकाच भागाची चित्रं पुन्हा पुन्हा घेतो. ती ओळीनं लावली की मोठ्या धुराचा पट्टा सरकताना दिसतो. 2019-20 च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला, हे उपग्रहांमुळेच कळलं.

तो धूर आपल्या नाकापर्यंत येतो का, हे मात्र नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. तीन किलोमीटर उंचीवरचा धूर डोक्यावरून निघून जातो. थंड रात्री जमिनीलगत कोंडलेला थेट छातीत जातो. म्हणून पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ दिल्लीच्या हवेचा अंदाज बांधताना उपग्रहांची माहिती, जमिनीवरची मोजमापं आणि वाऱ्याचं गणित एकत्र आणतात.

(दृश्य: संध्याकाळ. टेकडीच्या उतारावर धुराची रेघ.)

आणि आपली टेकडी? व्हिअर्स दुपारी दीडच्या सुमारास जातं, मग थेट मध्यरात्रीनंतर येतं. संध्याकाळी पाचला पेटलेलं गवत सातपर्यंत विझलं, तर नकाशावर एकही ठिपका उमटत नाही. काही दिवसांनी सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या दहा मीटर बारकाईच्या चित्रात काळा डाग सापडतो; आग कधी लागली, धूर कुठल्या वस्तीत शिरला, हे त्यात नसतं. ही नोंद टेकडीवर रोज चालायला येणारे लोकच ठेवू शकतात. धूर दिसला की आधी 101 किंवा वनखात्याचा 1926 लावा. मग सुरक्षित अंतरावरून फोटो काढा, त्यासोबत वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा.