थरथर नेमकी कधी येते?

श्रोतेहो, नमस्कार. गाडी थरथरायला लागली की गॅरेजमध्ये आपण एवढंच सांगतो, "गाडी व्हायब्रेट होतेय." त्याऐवजी किती वेगाला, कशावर पाय असताना, आणि स्टिअरिंगमध्ये की सीटखाली, हे सांगितलंत तर निम्मं निदान तिथंच होतं.

ताशी ६० पर्यंत गाडी शांत, ८०च्या पुढे स्टिअरिंग हाताला मुंग्या आणतं, हे पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाभोवती वजनाची सारखी वाटणी, गेल्याचं लक्षण. सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागची चाकं बघा. रिमवरचं एखादं छोटं वजन निखळलं किंवा रिमच्या आत चिखल वाळून बसला, तरी पुरतं. २० ग्रॅमचा फरक ताशी १०० किलोमीटरला जवळपास ३ किलोच्या जोराने चाकाला हिसका देतो, तोही सेकंदाला १४-१५ वेळा! म्हणून आधी रिम आतून धुवा, मग बॅलन्सिंग करा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतात. नुसत्या थरथरीसाठी त्यावर पैसे घालू नका.

बॅलन्सिंग करूनही फरक नाही? गाडी उभी करून टायरवरून तळहात फिरवा, टायरच्या बाजूच्या कडेवरूनही. हाताला फुगवटा लागला तर टायरच्या आतले थर सुटलेत. त्या टायरवर हायवेला जायचंच नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते तेव्हा ब्रेकच्या डिस्कची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीची, जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातला फरकही पायाला कळतो. चाकाचे नट एअर गननं वेडेवाकडे आवळले, तरी डिस्कवर असाच परिणाम होतो.

एक्सिलरेटर दाबला की थरथर आणि सोडला की गायब, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट तपासायला सांगा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं बऱ्याचदा डोळ्यांना दिसतं. सिग्नलला उभ्या गाडीत थरथर असेल, तर चाकांचा संबंध नाही. तिथं इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार, खराब झालेलं असतं, नाहीतर इंजिनाचा एखादा सिलिंडर मिस करत असतो, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसतं.

आणि चाक बदलल्यानंतर थोड्याच अंतरावर अचानक थरथर सुरू झाली, तर हळूहळू वेग कमी करून बाजूला थांबा. नट सैल असतील. ते समोरासमोरच्या जोडीनं आवळा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, आणि ५०-१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.